शेवाळाची चौकशी

तपासनीस ऑफिसमधून आले आणि बूटसुद्धा न काढता थेट माशांच्या टाकीपाशी गेले. वाकून त्यांनी काचेवर आतून बोट फिरवलं. बोट हिरवं झालं.

"आजही," ते म्हणाले.

"आजही काय?" आतल्या खोलीतून बायकोनं विचारलं.

"काही नाही."

काही नाही कसं? चांगलंच काहीतरी होतं! पण पुरावा हाती येईपर्यंत संशयिताशी बोलायचं नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. जळलेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या, चोरीला गेलेले आणि मेव्हण्याकडे सापडलेले टीव्ही. घरीदारी सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. लग्न ठरताना बायको "मला तुम्ही पसंत आहात" म्हणाली, तेव्हा यांनी "कशावरून?" असं विचारलं होतं. ही गोष्ट सासूबाई आजही आल्यागेल्याला सांगतात.

या माणसाचा एकच शौक, तो म्हणजे ही टाकी. चांगली तीन फुटी, झाकण नसलेली, वर छताला तारेनं टांगलेला पांढराशुभ्र दिवा. आत प्लॅस्टिकचं पान एक नाही, सगळ्या खऱ्या वनस्पती. त्यातल्या काहींनी तर पाण्याबाहेर माना काढल्या होत्या. संध्याकाळी दिवा लागला की तपासनीस खुर्ची ओढून समोर बसत, आणि दिवसभरात तेवढा एकच तास कुणावरही संशय घेत नसत.

पण तीन आठवड्यांपूर्वी बायकोनं नोटीस दिली होती. ती शाळेचे गणवेश शिवून देते. आतली खोली अंधारी, आणि खिडकीजवळचा चांगला कोपरा टाकीनं अडवलेला. त्यात पाणी जरा हिरवट झालेलं.

"या डबक्यासाठी मी डोळे फोडून घेऊ का?" ती म्हणाली होती. "महिनाअखेरपर्यंत पाणी स्वच्छ दिसलं तर ठीक. नाहीतर टाकी बाहेर आणि माझं मशीन इथं."

तेव्हापासून तपासनीसांच्या जिवाला घोर लागला होता. त्यांनी अर्धं पाणी बदललं, मेलेली पानं खुडली, दिव्याला टायमर लावला. दुपारी चार ते रात्री दहा, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. तरी पाणी दिवसागणिक हिरवं होत चाललं. शेवटी ते मत्स्यालयाच्या दुकानदाराकडे गेले.

"दिवा जास्त जळतोय साहेब," दुकानदार म्हणाला.

"सहा तास. टायमर लावून."

"सहा तासांत एवढं शेवाळ? शक्यच नाही. घरातलं कुणीतरी लावत असणार. माणसं खोटं बोलतील, शेवाळ नाही बोलणार."

झालं! तपासनीसांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टाकी हिरवी झाली तर फायदा कुणाचा? कोपरा कुणाला हवाय? आगीच्या दाव्यात ते नेहमी हेच विचारत, की दुकान जळल्यावर हसतंय कोण.

दुसऱ्याच दिवशी पाण्यावर एक निळा दोरा तरंगताना सापडला. तिसऱ्या दिवशी तळाशी, वनस्पतींच्या मुळांत, गणवेशाचं निळं बटण. झाकण नसलेल्या टाकीचा हा एक फायदा, गुन्हेगाराचं काही ना काही आत पडतंच. तपासनीसांनी बटण चिमट्यानं काढून पाकिटात घातलं आणि वर तारीख टाकली.

"जावईबापू, पाण्यात काय शोधताय?" सासूबाईंनी विचारलं. त्या दिवसभर घरीच असायच्या, म्हणजे साक्षीदार. पण आईच ती, लेकीविरुद्ध थोडीच बोलणार?

"आई, दुपारी इथं कुणी येतं का?"

"कोण येणार? मी असते, ही असते आणि तुमचे मासे," असं म्हणून सासूबाईंनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा होता. तपासनीसांनी तेही वहीत लिहून ठेवलं.

सकाळी निघताना त्यांनी दिव्याचा प्लग आणि टायमर यांच्याभोवती पांढऱ्या दोऱ्याचा वेढा देऊन गाठ मारली. प्लग काढला तर दोरा तुटलाच पाहिजे. संध्याकाळी पाहतात तो दोरा जागच्या जागी! क्षणभर त्यांना स्वतःची लाज वाटली. मग त्यांनी चष्मा लावला. सकाळी त्यांनी मारली होती ती कशीबशी वेडीवाकडी गाठ. ही गाठ घट्ट, दुहेरी, आणि टोकं कात्रीनं अगदी सारखी कापलेली.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज शिवण बरंच झालं वाटतं?"

"झालं की. सोळा शर्ट."

"त्या अंधाऱ्या खोलीत?"

"मग काय रस्त्यावर बसू?" बायकोनं नजरेला नजर दिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडून दोन तासांची सवलत घेतली आणि बारा वाजता दबकत दबकत जिना चढले. आतून खडखड ऐकू येत होती. किल्ली हळूच फिरवून त्यांनी दार ढकललं.

टाकीवरचा दिवा ढणाढणा जळत होता. शिलाई मशीन टाकीला खेटून उभं, बायको निळा शर्ट शिवतेय, आणि समोर सासूबाई त्याच उजेडात सुई ओवताहेत.

"सापडलात!" तपासनीस गरजले. सासूबाईंच्या हातची सुई सुटली, ती थेट टाकीत.

"अगं बाई! दार तरी वाजवायचं!" बायको म्हणाली.

"मुद्दाम! मुद्दाम दिवा लावून ठेवायचा, शेवाळ वाढवायचं, टाकी घालवायची आणि कोपरा गिळायचा! माझ्या घरात, माझ्याशी कट!"

"टाकी घालवायची? वेड लागलंय का तुम्हाला?" बायको उठलीच. "टाकी गेली तर दिवा जाईल ना! अख्ख्या घरात असा उजेड दुसरा कुठं आहे? नोटीस दिली आणि दोन दिवसांनी सहज इथं बसून बघितलं. काजसुद्धा स्पष्ट दिसतं हो! तेव्हापासून तुम्ही गेलात की मशीन बाहेर, तुम्ही यायच्या आत मशीन आत. कंबर मोडली माझी. दिव्यानं पाणी हिरवं होतं हे मला काय माहीत?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वही काढली असतीत."

तपासनीसांनी हातातली वही हळूच खिशात सरकवली. गुन्हा तर शाबित झाला होता, पण उद्देश साफ चुकला होता. एकवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून फार बरं वाटलं. टाकी वाचली होती!

मग रीतसर तह झाला. मशीन कायमचं टाकीशेजारी. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, दिवसाला सात तास उजेड वनस्पतींना भरपूर, वर एक मिनिट नको. बायकोनं सकाळी दहा ते पाच मागितले. तपासनीसांनी उदार मनानं सही केली. पंधरा दिवसांत पाणी काचेसारखं झालं, पानं तरारली, एका वेलीला तर पाण्याबाहेर पांढरं फूल आलं.

असं सासूबाईंनी सांगितलं. तपासनीसांना ते दिसलंच नव्हतं. ते सहाला घरी येत, आणि तोवर दिव्याचे तास संपलेले. खुर्ची ओढून ते काळोख्या टाकीसमोर बसत. अधूनमधून आत काहीतरी हलल्यासारखं वाटे. रविवारी बघावं, तर रविवारी बायको मापं घ्यायला मुलांच्या घरोघरी जाई, आणि जाताना "तेवढाच शेवाळाला उपास" म्हणून दिवा बंद करून जाई.

एका बुधवारी मात्र तपासनीसांना राहवलं नाही. त्यांनी साहेबांना कळवलं, "सणकून ताप आहे, उठवत नाही." दहाच्या ठोक्याला दिवा लागला आणि ते लहान मुलासारखे टाकीसमोर बसले. फूल खरंच आलं होतं. मासे पानांतून सुळकन जात होते. तपासनीसांचे डोळे भरून आले.

अकरा वाजता मशीनवर ठेवलेला त्यांचा मोबाइल वाजला. पाय न थांबवता बायकोनं तो खांद्यात धरला.

"कोण, साहेब? हो, आहेत ना घरी." मशीनची खडखड चालूच. "ताप? छे हो, कुणाला? सकाळी चार पोळ्या खाल्ल्यात. माशांपुढे बसलेत." मग तिनं फोन तपासनीसांकडे केला. "घ्या. तुमचे साहेब विचारताहेत, ताप आहे कशावरून?"