मिशी गेली अ‍ॅमस्टरडॅमला

"विमान तासाचं रे, पण रांगा चार तासांच्या! तेवढ्यात मी गाडी हाणत न्यूकॅसलला पोचतो," यतीन कुंपणावरून म्हणाला.

"मी तोवर अ‍ॅमस्टरडॅमला चहा पिऊन कप विसळलेला असेल," पलीकडून सतीश.

दोघं लंडनच्या पिनर भागातले सख्खे शेजारी. शनिवारी सतीश पुतण्याकडे, प्रणयकडे अ‍ॅमस्टरडॅमला निघणार होता आणि यतीन बहिणीकडे न्यूकॅसलला. मग काय, पैज लागली. सकाळी सहाला दोघांनी घर सोडायचं, पोचल्यावर चहाच्या कपासकट फोटो गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. सतीश हरला तर भर रस्त्यात मिशी उतरवणार. यतीनला मिशीच नव्हती, म्हणून त्याने डोक्याचा गोटा कबूल केला.

"फोटोवर वेळेचा शिक्का पाहिजे," सतीशने बजावलं. "जी वेळ दिसेल ती फायनल. तू नंतर पलटतोस."

पंच म्हणून सतीशची बायको श्यामला. घरचाच पंच म्हटल्यावर सतीश निर्धास्त झाला आणि बावीस वर्षांच्या मिशीला पीळ देऊन झोपला.

शनिवारी एअरपोर्टच्या सिक्युरिटीत त्याची बॅग बाजूला निघाली. बेसनाचे लाडू! मशीनमध्ये ते गोल, घट्ट आणि भलतेच संशयास्पद दिसत होते. ऑफिसरने एकेक लाडू पुसून तपासला.

"सर, हे काय आहे?"

"स्वीट आहे. खा ना एक, पण लवकर खा!"

ऑफिसरने खाल्ला नाही. विमान अर्धा तास जागेवरच थांबलं. उतरल्यावर पासपोर्टची रांग नागासारखी वळवळत होती. शेवटी काचेमागच्या बाईने विचारलं, "इथे कशासाठी आलात?"

"चहासाठी," सतीश धापा टाकत म्हणाला.

त्यापुढे तिने आणखी सहा प्रश्न विचारले.

बाहेर प्रणय थर्मास घेऊन उभाच होता. "काका, ओता पटकन!" फोटो गेला. ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. सतीशने यतीनला न्हाव्याचा नंबरही पाठवला.

चाळीस मिनिटांनी यतीनचा फोटो आला. खाली मेसेज: "सतीशचा शिक्का बघा, ११:२५. माझा बघा, ११:०५. कोण जिंकलं?"

सतीशने तिथूनच फोन लावला. "अगं श्यामला, माझा फोटो आधी आला की! फोनने इथली वेळ घेतली, त्याला मी काय करू?"

"जी वेळ दिसेल ती फायनल. तूच म्हणालास ना?"

"अगं पण—"

"पंचाशी वाद नको. यतीन जिंकला."

पुढच्या रविवारी सतीशच्या दारात खुर्ची मांडली गेली. अख्खी गल्ली जमली. समोरची सारा बिस्किटांचा डबा घेऊन आली. यतीनने टॉवेल गुंडाळला, फेस लावला आणि दोन हातांत काम तमाम केलं. टाळ्या वाजल्या. सतीशने आरसा बघितला आणि लगेच पालथा घातला.

"एवढा साधा हिशोब तुला कळू नये?" तो श्यामलाकडे बघून कुरकुरला. "अ‍ॅमस्टरडॅम तासभर पुढे असतं गं!"

"माहितेय की. रोज सकाळी नवाला ऑफिसच्या तिथल्या टीमशी बोलते. त्यांचे दहा वाजलेले असतात."

"मग?"

श्यामलाने त्याच्या गुळगुळीत ओठावरून हळूच बोट फिरवलं.

"बावीस वर्षं वाट बघितली रे. तासाभराचं काय घेऊन बसलास!"