पाच बशांचा धडा

चाळीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. साठ-साठ पोरांचा वर्ग सांभाळणाऱ्याला एक कुत्रा म्हणजे किस झाडकी पत्ती! सूनबाई ऑफिसला जाताना बजावून गेली, "बाबा, गुंड्याला आपल्या जेवणातलं काही देऊ नका हं!"

"अगं, आज मुलींना तेच तर शिकवणार आहे!"

नात आणि तिच्या दोन मैत्रिणी जमल्या. पाच बशांत टोमॅटो सॉस, मोहरीचा सॉस, सोया सॉस, मेयोनीज आणि लसणाची पेस्ट. चमचा-चमचाभर, शेजारी नावाच्या चिठ्ठ्या. मुली जमिनीवर बसलेल्या, म्हणून बशाही जमिनीवरच. वस्तू विद्यार्थ्याच्या नजरेसमोर हवी, हा माझा जुना नियम!

"कुत्र्याला लसूण का नाही द्यायचा?"

"रक्त बिघडतं!"

"शाबास! आता टोमॅटो सॉसमध्ये काय दडलंय, ते बाटलीवरच वाचू."

बाटली आणायला आत गेलो. अर्धं मिनिट! परत येतो तर बशा आरशासारख्या लख्ख, आणि गुंड्या मिशा चाटतोय!

"अगं, अडवलं का नाही?"

"आजोबा, तुम्हीच म्हणालात, प्रयोग चालू असताना जागचं हलायचं नाही!"

कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"कोणती बशी चाटली?"

"सगळ्या! चिठ्ठ्यांसकट!"

"कुत्र्याचं वजन किती?"

गुंड्याला उचलून काट्यावर चढलो. तो वळवळतोय, काटा वेड्यासारखा नाचतोय!

नात वही घेऊन उभी. "यातून तुमचं वजन वजा करायचं. किती आहे?"

"बासष्ट."

"खोटं! आई म्हणते पंचाहत्तर!"

"तसेच घेऊन या!" फोनमधून डॉक्टर ओरडले. गुंड्याला छातीशी धरून भर रस्त्यात धावलो, मागून तिघी. म्हातारा कुत्रं पळवतोय असंच लोकांना वाटलं असणार!

डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. सगळा धडा बाहेर आला, चिठ्ठ्यांसकट.

"वेळेवर आणलंत. पण लसणाचा परिणाम उशिरा दिसतो. आठवडाभर नजर ठेवा."

संध्याकाळी सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं. गुंड्याला कुरवाळलं. मग शांतपणे म्हणाली, "गुंड्यावर मी ठेवते नजर. बाबांवर कोण ठेवणार?"

तिन्ही मुलींचे हात एकदम वर! चाळीस वर्षांत माझ्या एकाही प्रश्नाला इतके हात इतक्या झटकन वर गेले नव्हते.