हकीकत वस्तऱ्याच्या धारेची व सासरेबोवांच्या हनुवटीची

श्रोते सावध असोत. दाढी सर्वांसच येते, परंतु दुसऱ्याची उतरविणे हे धैर्याचे काम. आणि तीही खाशा सासऱ्याची, उघड्या वस्तऱ्याने, म्हणजे नशिबाची परीक्षाच. ते वर्तमान जैसे घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लाविता येथे लिहिले आहे.

राजश्री जावईराव, हुद्दा नकाशनवीस, इमारतींचे आराखडे काढोन पोट भरीत. सासरेबोवांनी चाळीस साल केशकर्तनाची गादी गाजविली होती, आणि लग्नात आपला खासा वस्तरा व चामड्याचा पट्टा जावयास बहाल केला होता. जावईरावांनी तो मस्तकी लाविला, खणात ठेविला आणि मग तीन साल प्लास्टिकच्या रेझरने गुपचूप दाढी करोन, विचारणा होताच 'वस्तरा झकास चालतो' ऐसे बेधडक कळवीत गेले.

तों शुक्रवारी फोन आला. मजकूर ऐसा की, आमचा उजवा हात थरथरू लागला, आपली दाढी आपल्याने होत नाही, आठ दिवस गालावर रान माजले आहे. मशीन लावू देणार नाही, परक्या न्हाव्यापुढे मान देणार नाही. लेकीच्या हाताची खात्री आहे, ज्यास वस्तरा दिला त्याचा हात पाहणे आहे. रविवारी नऊस येतो. हे ऐकोन जावईरावांचे धाबे दणाणले. खोटे उघडे पडेल ते पडो, परंतु ज्याने उभ्या जन्मात कोणाकडे काही मागितले नाही त्याने हात थरथरतो हे कबूल करोन एवढेच मागितले, तेही आपणाकडे, ऐसे मनात येऊन त्यांचा जीव गलबलला.

मग राणीसरकारांनी, म्हणजे सासरेबोवांच्या लेकीने, मोहिमेची सूत्रे हाती घेतली. वस्तरा स्वतः पथरीवर घासोन ताजा केला आणि फर्मान काढिले की, दगडावर धार येते, परंतु ती गुळगुळीत होते पट्ट्यावर, आणि पट्टा तुमचा तुम्ही मारावा. सरावास बाबांचा मिळणार नाही, कमरेचा सोडावा. त्याबरहुकूम जावईरावांनी कचेरीचा कमरपट्टा स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीस अडकविला, आणि नकाशनवीस तो नकाशनवीसच, कोनमापक काढोन, एक डोळा मिटोन, वस्तऱ्याची पाठ बरोबर पंधरा अंश उचलोन धरिली आणि वीस हात मारिले. मग पाहतात तों वस्तरा लोण्यातही शिरेना.

"अहो, पाठ टेकवा, पाठ! कोन त्याच्या अंगातच आहे," ऐसे राणीसरकार कडाडल्या. "तुम्ही नुसता आडवा ठेवा. ओढताना पाठ पुढे, धार मागे."

वस्तरा पुन्हा पथरीवर गेला आणि दुसरी चढाई जाहली. टोकाशी येताच वस्तरा पाठीवरून उलटावा तो धारेवरून उलटिला, आणि कमरपट्ट्याचे दोन तुकडे जाहले. मग दुसरा पट्टा आणिला, आणि तो ताठ हवा म्हणोन जोराने ओढिला, तों दारच उघडले आणि जावईराव मागल्यामागे पाण्याच्या बादलीत स्थानापन्न जाहले. वस्तरा मात्र हात उंच करोन कोरडा राखिला. राणीसरकार हसोन हसोन ओट्यास टेकल्या. परंतु शनिवारी दुपारी मनगट आपोआप वळू लागले.

रविवारी ठीक नऊस सासरेबोवा दाखल जाहले आणि वर्तमानपत्र उघडोन त्याआड बसले. हातातला कागद सारखा फडफडत होता. हुकूम सुटला: "मारा पट्टा. मी ऐकतो."

जावईरावांनी खासा पट्टा खिडकीच्या गजास अडकविला. सप्प, सप्प, पाठ पुढे, धार मागे, टोकाशी पाठीवरून पलटी. एकेचाळिसाव्या हातास कागदाआडून शब्द आला, "पाठ उचललीत." तत्क्षणी जावईरावांचे मनगट खाली आले आणि आवाज पुन्हा एकसारखा जाहला. साठ हात पुरे होताच कागदाची घडी जाहली.

"तीन वर्षं प्लास्टिकचा चालवत होतात ना?"

"हो," जावईराव खालमानेने म्हणाले.

"गालावर दिसतं. लावा साबण."

मग लढाईस तोंड लागले. सासरेबोवांची नजर वस्तऱ्यावर खिळलेली, पापणी हलत नव्हती. डावा गाल पडला, आणि मग उजवा पडला, आणि मग गळ्याखालच्या दुर्घट मुलखात प्रवेश होतो न होतो तों अकस्मात गडगडाट जाहला आणि गळ्याची घाटी उसळली. जावईरावांनी वस्तरा झटक्याने मागे घेतला. सासरेबोवा घोरत होते! पुढील सर्व मुलूख दोन घोरण्यांच्या फटीत, एकेक हात करोन, डाव्या हाताने हनुवटी तोलोन जिंकावा लागला.

"खुर्चीत गिऱ्हाईकं झोपायची," राणीसरकार दाराआडून हळूच पुटपुटल्या. "बाबा आजवर कुणापुढे झोपले नव्हते हो."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गाल दोन, हनुवटी एक, गळा समूळ हस्तगत. फेस वाटीभर खर्ची पडला. रक्त कोणाचेही नाही. खुर्चीच्या हातांवर सासरेबोवांचे दोन्ही हात स्वस्थ पडले होते, थरथर म्हणोन नव्हती. हे पाहोन जावईरावांनी, सासरेबोवा जागे होईतोपर्यंत, हनुवटीखालचा आपला हात काढिला नाही. सबब हे वर्तमान कायम नोंदविले असे.