बारा अंशांचा पत्रा

करायचं होतं एवढंच की पत्र्याची एक बाजू जरा उंच ठेवायची. एवढ्याशा गोष्टीवरून माणसाची गल्लीत काय शोभा होते, ते ऐका.

मी नंदुरबार स्टेशनात मालधक्क्यावरचा कारकून. बदलून गेलेल्या साहेबाच्या रद्दीत मला विमानविद्येचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात ‘लिफ्ट कोएफिशंट’ नावाचा आकडा होता. फळी वाऱ्यात बारा अंश तिरपी धरली की हा आकडा सर्वांत चांगला, एवढं मी पाठ केलं. (विमान मी फक्त चित्रात पाहिलेलं, पण चार दिवस चालणं मात्र वैमानिकाचं!)

शेजारच्या हाजराबीचं धाबं, म्हणजे घरावरचं मातीचं सपाट छप्पर, दुरुस्तीसाठी उकरलेलं होतं, म्हणून तिच्या वीस शेर मिरच्या आमच्या धाब्यावर वाळत होत्या. शुक्रवारी तिच्या लेकीचं, खातूनचं लग्न. जेवणाचा सगळा मसाला त्याच मिरच्यांचा. भिजल्या तर काळ्या पडणार आणि वऱ्हाडापुढे त्या बाईची मान खाली जाणार.

बुधवारी दुपारी आभाळ एकदम काळवंडलं. मिरच्या खाली न्यायला वेळच नव्हता. मी पायानं ढीग केला. खालून बायको, फुलवंता, ओरडली, “मिरच्यास्वर पत्रा टाका, आनि वर चार दगड ठेवा!”

“दगड कशाला? तिरपा ठेवतो. पाणी निथळेल, हवा खेळेल.”

वाऱ्याकडची कड विटांवर टेकवून मी कोनमापकानं बरोबर बारा अंश मोजले आणि कौतुकानं बघत उभा राहिलो.

तेवढ्यात वारा सुटला. पत्रा थरथरला, आणि तो आकडा कशाकरता चांगला ते मला आठवलं. उडण्याकरता!

मी धावत जाऊन कड धरली. वारा दुप्पट झाला की उचल चौपट, हेही आत्ताच आठवायचं होतं! माझ्या टाचा धाब्यावरून सुटल्या.

“फुलवंते, धाव!”

“काय व्हयनं?”

“लिफ्ट कोएफिशंट!”

“कोन शे तो? त्याले सांगा, बाजूले व्हय!”

मग आठवलं, पंधरा अंशांच्या पुढे हा आकडा कोसळतो. वा! मी कड आणखी उचलली. त्यासरशी वाऱ्यानं पत्र्यासकट मला धाब्याच्या काठापर्यंत रेटत नेलं. (वारा मागेही ढकलतो, हे पुढच्या पानावर असणार. ते पान वाळवीनं खाल्लेलं.) खाली हाजराबीचं अंगण, मागे मिरच्या उघड्या, आणि पहिला टपोरा थेंब माझ्या नाकावर. खरं सांगतो, मी रडायच्या बेतात होतो.

शिडीवरून फुलवंता आली. तिनं पत्रा माझ्या हातातून ओढला, मिरच्यांवर आपटून सपाट केला आणि म्हणाली, “झोपा यावर!”

झोपलो. तासभर पाठीवर पाऊस आणि खालून मिरचीचा ठसका. शिंकायचीसुद्धा भीती, कारण शिंकलो की पत्रा हलायचा.

पाऊस थांबल्यावर हाजराबी धापा टाकत वर आली. मिरच्या कोरड्या ठणठणीत! बिचारीनं डोळे पुसले. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “या अल्ला, भाऊसाब को क्या हुआ?”

“काही नही व्हयनं,” फुलवंता म्हणाली. “दगड भेटना नही, म्हनीसन यास्लेच ठेवं.”

खातूनचं लग्न झोकात झालं. रश्श्याला चव अशी की वऱ्हाडी पाणी मागत होते. पुस्तक मी रद्दीत परत टाकलं.

पुढच्या वर्षी मिरच्यांच्या दिवसांत आभाळ भरून आलं, तशी भिंतीपलीकडून हाजराबीची हाक आली, “फुलवंता, भाऊसाब को जरा हमारे धाबे पे भेज! और सुन, साथ में दो पत्थर भी दे. अकेले उनसे नहीं होता.”