दोनची शिट्टी

थोरल्या मुलीला पहिली मुलगी झाली, त्याच वर्षी सोसायटीच्या बागेत नवे दिवे लागले. दिवे बसवले वायरमन जावयाने आणि डोळा लागला पहारेकरी सासऱ्याचा.

सव्वीस वर्षं म्हातारा फाटकावर रात्रपाळी करत होता. दर तासाला एक लांब शिट्टी. ती कधी चुकली नव्हती, आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा. नव्या पिवळ्या दिव्यांखाली चौथ्याच रात्री दोनची शिट्टी वाजली नाही.

सकाळी चिटणीस आले. “काका, आणखी एकदा असं झालं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

म्हातारा घरी आला तो पाय आपटत. फाटकामागच्या खोलीत बाळंतीण मुलगी, तिची आई आणि जावई बसले होते.

“मामा, पिवळ्या उजेडात डोळे जडावतात,” जावई म्हणाला. “निळसर पांढरे लावू. ते झोप उडवतात.”

“उजेड बघून जागा व्हायला मी कोंबडा आहे का?”

“कोंबडा वेळेवर तरी ओरडतो,” म्हातारी म्हणाली.

दिवे बदलले. पांढरा उजेड थेट लोकांच्या खिडक्यांतून उशांवर पडला. पहिल्या रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खाली आल्या. दुसऱ्या रात्री शिंपी आला. तिसऱ्या रात्री बाकांवर जागा उरली नाही. चिटणीस स्वतः लुंगीवर फेऱ्या मारत होते. फाटकाशी कुत्रं आलं तरी दहाजण विचारत होते, “कोण पाहिजे?”

दोन वाजले. शिट्टी नाही. सगळी बाग चौकीकडे वळली. भगभगीत उजेडात म्हातारा खुर्चीत घोरत होता.

“झालं! आता माझा नाइलाज आहे,” चिटणीस म्हणाले.

शिट्टी ऐकू आली नाही म्हणून म्हातारी नातीला घेऊन धावत आली. “बिचाऱ्या दिव्यांना काय बोलता? दिवसभर नात यांच्या खांद्यावर! खाली ठेवली की रडते, आणि हे दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाहीत. हा माणूस झोपणार कधी?”

तेवढ्यात नातीने भोकाड पसरलं. म्हातारा ताडकन उठला, सवयीने खांदा पुढे केला, मग गर्दी दिसली आणि त्याने शिट्टी फुंकली. दोन वाजून चार मिनिटं.

“आधी पिवळे दिवे परत लावा,” चिटणीस जांभई देत म्हणाले. “आणि काका, दिवसा ही पोर सांभाळायला कुणाकडे तरी द्या.”

“माझ्याकडे द्या,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

म्हातारा ताठ उभा राहिला. “फक्त दुपारपुरती देईन. आणि शिट्टी कुणाला देणार नाही.”

पिवळ्या दिव्यांखाली त्याने आणखी नऊ वर्षं पहारा केला. एकही शिट्टी चुकली नाही. दहाव्या वर्षी, नात चौथीत असताना, एका दुपारी तो वारला. नात उशाशी होती. ती सगळ्यांना सांगते, आजोबा शेवटपर्यंत जागे होते.