वीरप्पाच्या फोनचा हातगुण

पुराव्याशिवाय प्रसेनजित काहीही मानत नसे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेला हा गृहस्थ फावल्या वेळात गावोगावी अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्याने देई आणि उरलेल्या वेळात पत्नी श्रावस्तीसह धाराशिवात एक सॉफ्टवेअर विके. नाव 'खेप'. काम, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या खेपांचा हिशेब ठेवणे. अडचण एवढीच होती की लोक किमतीचे पान पाहत, पैसे भरण्याच्या पानापर्यंत येत आणि तिथून असे नाहीसे होत, जणू समोर वर्गणीवाला उभा आहे.

"गळीत हंगामाआधी विक्री वाढली नाही तर हे बंद," श्रावस्तीने बजावले. "मग तुम्ही लातूरला मामांच्या क्लासवर शिकवायला."

मामांच्या क्लासमध्ये प्रत्येक तासाचा आरंभ मामांच्या जीवनकार्याने होत असे.

"वाढेल. मी दोन पानं केलीत," प्रसेनजित म्हणाला. "एकावर जुना भाव, दुसऱ्यावर निम्मा. कुठल्या फोनला कुठलं पान दिसेल, ते संगणक नाणं उडवल्यासारखं ठरवील. याला प्रयोग म्हणतात."

"लोकांना कळलं तर?"

"कसं कळेल? प्रत्येक जण आपापल्या फोनवर बघतो."

जवळच्या ढोकी गावातल्या चहाच्या हॉटेलात तो एकदा जरी बसला असता, तरी हे वाक्य त्याने उच्चारले नसते.

आठवड्याभरात निम्म्या भावाच्या पानाचा आलेख सरळ आकाशात गेला. त्याने श्रावस्तीला मोठ्या समाधानाने पडद्यापुढे बसवले. तिने तो बराच वेळ न्याहाळला.

"ही सगळी खरेदी एकाच फोनवरून झालीय. ढोकीचा कुणी वीरप्पा."

दोघे तडक मोटारसायकलवर ढोकीला पोचले. हॉटेलपुढे ट्रॅक्टरवाल्यांची रांग होती. रांगेच्या टोकाला बाजेवर वीरप्पा आणि त्याच्यापुढे पाटावर फोन, पाठीवर विभूतीचे तीन पट्टे ओढलेला.

"हे काय चाललंय?" प्रसेनजितने रांगेतल्या एकाला विचारले. तो कृष्णराज.

"फोनला हातगुण हाय, सायेब. आमच्या फोनवर भाव डबल, ह्येच्यावर निम्मा. म्या सिमबी बदलून बघितलं. न्हाय जमलं."

"पण मग सगळ्यांचे ट्रॅक्टर याच्याच नंबरवर चढले असतील."

"व्हय. म्हणून खेपा बघायला रोज हितं यावं लागतंय. चहाबी होतोय."

हॉटेल अर्थातच वीरप्पाच्या मेव्हण्याचे होते.

प्रसेनजितमधला व्याख्याता जागा झाला. "मंडळी, फोनमध्ये कसलीही शक्ती नसते. भाव मीच दोन ठेवलेत."

श्रावस्तीने डोळे मिटून घेतले.

"मंजी," वीरप्पाने सावकाश विचारले, "मला निम्मा आन् ह्या कृष्णराजला डबल, हे तुमी ठरवलं?"

"मी नाही. ते यादृच्छिक वाटप आहे."

"ते काय असतंय?"

"त्यात कुणाचा हेतू नसतो, कारण नसतं. ज्याच्या वाट्याला जे येईल ते."

"समजंल असं सांगा की."

रांग आता सरळ राहिली नव्हती. तिने त्याच्याभोवती गोल केला होता. प्रसेनजितच्या डोळ्यांपुढून मामांचे जीवनकार्य सरकून गेले.

"नशीब," तो म्हणाला.

"मग आमी दुसरं काय म्हनतोय?" वीरप्पाने फोन पुन्हा पाटावर नीट ठेवला. "चला, फुडं सरका."

हंगामाआधी विक्री तिप्पट झाली आणि लातूर टळले. अंधश्रद्धेविरुद्धची व्याख्याने अजूनही चालू आहेत. येडशीला झाली, सास्तूरला झाली. ढोकीचे निमंत्रण आले की मात्र प्रसेनजितचा घसा बसतो.