बरोबरीत सुटलेली फायनल

१९७३ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या पिंपळखडक या गावी पाण्याचा टँकर अत्यंत नियमितपणे येत असे आणि तितक्याच नियमितपणे भरलेला परत जात असे. यात टँकरचा काही दोष नव्हता. वरच्या आळीचे म्हणणे, टँकर आमच्या पारापुढे थांबेल. खालच्या आळीचे म्हणणे, आमच्या चावडीपुढे. तालुक्याच्या कार्यालयातून आलेला हुकूम मात्र स्पष्ट होता: टँकर सर्वानुमते ठरलेल्या जागीच रिकामा करावा, एकमत नसल्यास पाण्याची नासाडी टाळण्यासाठी तो परत न्यावा. पाण्याला इतके जपणारे कार्यालय दुष्काळातही विरळाच.

गावाला पाणी मिळे ते टँकरच्या गळक्या तोटीतून. वेशीच्या चढावर गाडी मंदावली की ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यातली राहीबाई तोटीखाली हंडा धरून मागोमाग चालू लागे. तिची सून मनकर्णा नुकतीच बाळंत झाली होती. अंगात ताप, आणि घरात प्यायलाही धड पाणी नाही. एके दिवशी ड्रायव्हर रंभाजी खाली उतरला.

"मावशी, ह्ये कायद्यात बसत न्हाई."

"मंग तू बस की घडीभर. हंडा भरंस्तवर."

रंभाजी खरोखरच दगडावर बसला आणि त्याने विडी पेटवली. ही बातमी दोन्ही आळ्यांना कळली आणि तीन महिन्यांत प्रथमच गावाचे एकमत झाले: निर्णय होईपर्यंत कोणालाच पाणी मिळता कामा नये. तक्रार तालुक्याला पोहोचली आणि तोटी ताबडतोब दुरुस्त झाली. असली कामे आपल्याकडे कधी रेंगाळत नाहीत, हे मान्य केले पाहिजे.

आता विस्तार अधिकारी गंधेसाहेबांना तोडगा काढणे भाग होते. सुदैवाने त्याच आठवड्यात दुष्काळग्रस्तांचे मनोधैर्य वाढवण्यासाठी नगरहून सिनेमाची गाडी येणार होती. सिनेमा होता मेक्सिकोत तीन वर्षांपूर्वी झालेल्या जागतिक फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, ब्राझील विरुद्ध इटली. गावात फुटबॉल कोणी पाहिलेला नव्हता आणि निकाल कोणाला ठाऊक नव्हता. साहेबांनी जाहीर केले की एकेका आळीने एकेक देश घ्यावा. जिचा देश जिंकेल तिच्या दारात टँकर.

देश वाटून घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. वरच्या आळीचे आबासाहेब यांना ब्राझील निघाला, खालच्या आळीचे आप्पासाहेब यांना इटली. मग टँकरसाठीच का नाही चिठ्ठी टाकत, असे शाळेच्या गुरुजींनी विचारले. पाण्यासारखा गंभीर प्रश्न चिठ्ठीवर सोडणे बेजबाबदारपणाचे होईल, असे साहेबांनी त्यांना समजावून सांगितले.

"आन आमचा द्येस कोन्चा?" राहीबाईने विचारले.

"बाई, फायनलला दोनच संघ असतात," साहेब म्हणाले. "तो आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्यात मी काय करणार?"

सिनेमा भर दुपारी शाळेत दाखवण्यात आला. खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. आत दोनशे माणसे घामाने निथळत बसली होती आणि भिंतीकडेला दोन्ही आळ्यांच्या काठ्या रांगेने उभ्या होत्या. ब्राझीलने गोल केला तेव्हा वरच्या आळीने गुलाल उधळला. आबासाहेबांनी छातीवर हात ठेवून सांगितले, "आपलीच पोरं हायती." पुढे इटलीने फेड केली, तशी खालची आळी बाकांवर चढून नाचली.

मध्येच एक खेळाडू पायाला धरून कोसळला. लगेच एक माणूस पाण्याची बादली घेऊन धावत मैदानात शिरला.

"पडल्याव पानी घिऊन पळत येत्यात व्हय?" दाराशी उभी असलेली राहीबाई मोठ्याने म्हणाली. "मंग आमी अजून किती पडायचं?"

सगळ्यांनी तिला गप्प बसवले. खेळात व्यत्यय येत होता.

पहिले रीळ संपले तेव्हा एक-एक बरोबरी होती. साहेबांनी काठ्यांकडे पाहिले. आबासाहेबांनी आप्पासाहेबांकडे पाहिले. जिंकण्याची इच्छा दोघांनाही होती, पण हरण्याची तयारी एकालाही नव्हती. पिंपळखडकची एक जुनी रीत आहे. जत्रेतली शेवटची कुस्ती तिथे कधीच निकाली होत नाही. रंगात आली की पंच मध्ये पडतात, बरोबरीत सोडवतात आणि दोघांनाही फेटा बांधतात. त्या रीतीला जागून म्हातारे पंच कारभारी उठले, पडद्यापुढे जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "सुटली! बरोबरीत सुटली!"

टाळ्या पडल्या. ब्राझीलतर्फे आबासाहेबांना आणि इटलीतर्फे आप्पासाहेबांना फेटा बांधला गेला.

"सायेब, अजून एक रीळ हाय," मशीन चालवणारा बन्सी कुजबुजला.

"डब्यात ठेव," साहेब म्हणाले. "गावाची शांतता महत्त्वाची."

निकाल बरोबरीचा, तेव्हा टँकरही बरोबर मध्ये रिकामा व्हायला हवा होता. टेप लावून मोजले, तर मध्य नेमका गावठाणातल्या पांढरीच्या कोरड्या विहिरीत आला.

"सायेब, हिरीला तडा हाय," रंभाजी म्हणाला. "पानी ऱ्हायचं न्हाई."

"मध्यभागी आहे ना?"

"मधी हाय."

"मग सोड."

पाणी धडधडत विहिरीत पडले. साऱ्या गावाने वाकून पाहिले. दोर आणले, बादल्या आणल्या, आणि प्रश्न उभा राहिला: पहिली बादली कोणाची? आबासाहेब म्हणाले, आधी गोल आमचा झाला. आप्पासाहेब म्हणाले, फेड आमी केली. राहीबाई हंडा पुढे करून म्हणाली, "माझी लेकुरवाळी सून तापानं फनफनलीया, मला येक घागर घिऊ द्या, मग भांडा." तिला सांगण्यात आले की तिचा क्रमांक बरोबरी फुटल्यावर लागेल. ही चर्चा संपेपर्यंत विहिरीच्या तळाशी फक्त ओला गाळ उरला होता.

गंधेसाहेबांनी वर कळवले की पाण्याचे वाटप दोन्ही आळ्यांत समसमान झाले असून कोणाचीही तक्रार नाही. पुढचा अंतिम सामना १९७४ साली होणार असल्याने जागेचा प्रश्न तोपर्यंत राखून ठेवावा, अशी शिफारसही त्यांनी केली. ती मंजूर झाली.

ही हकीकत मी नगरला, सावेडीला, कुठेकुठे सांगितली आहे. ऐकणारे शिकलेले, भले, हळहळणारे लोक. सगळे हसतात आणि मग पुढे सरकून एकच विचारतात: पण दुसऱ्या रिळात झाले काय? तुमच्याही मनात तेच असणार, म्हणून सांगून टाकतो. ब्राझील जिंकला, चार विरुद्ध एक.

मनकर्णाचे काय झाले, ते आजवर कोणी विचारलेले नाही.